खांडीतली जीप

हिरामणला गाडी पुढे नेता येत होती, मागे नेता येत नव्हती. आता माणसाच्या आयुष्यात मागे जायचे प्रसंग कितीसे येतात, आणि आलेच तर ते गाडीत बसलेले असतानाच येतात असं थोडंच आहे, हा त्याचा युक्तिवाद त्याच्या बायकोला, चंद्राला पटला होता. ठाण्याच्या परवाना कचेरीतल्या साहेबांना मात्र तो पटला नाही.

मुळात त्या साहेबांपर्यंत पोचायलाच चार महिने लागले होते. पहिला अर्ज परत आला, कारण फोटोत चष्मा होता आणि डॉक्टरांच्या दाखल्यात नव्हता. दुसऱ्या वेळी दाखल्यात चष्मा आला, पण डॉक्टरांचा शिक्का उलटा उमटला होता, आणि उलट्या शिक्क्याचा माणूस सुलट आहे हे सरकारने कशावरून मानायचं? तिसऱ्या वेळी सगळं जमलं. मग मैदानात चुन्याचे पट्टे मारलेल्या दोन पिंपांच्या मधून गाडी मागे घ्यायची होती. हिरामणने एक पिंप जवळजवळ ठाण्याच्या स्टेशनपर्यंत नेलं. साहेबांनी शांतपणे वहीत काहीतरी लिहिलं आणि पुढच्या बुधवारी परत यायला सांगितलं.

हिरामण भिवंडीच्या एका हायस्कुलात गणित शिकवायचा. चित्रकलेचे सर पहिल्या फेरीत पास होतात आणि गणिताचे सर होत नाहीत, ही गोष्ट शिक्षकांच्या खोलीत चहाबरोबर रोज चघळली जाऊ लागली. हिरामण वरवर हसायचा, पण घरी येऊन जेवताना ताटाभोवती वाट्या मागेपुढे करत बसायचा.

चाळीत सल्ल्याला तोटा नव्हता. वरच्या मजल्यावरचा लडकू पॉवरलूमवर जॉबर होता. त्याचं म्हणणं, लूममध्ये धोटा जातो तसाच परत येतो, त्याला कोण शिकवतं? धोट्याने मान वळवून पाहिलं तर सूत तुटेल, म्हणून सरांनीही मागे अजिबात पाहू नये. समोरच्या जानकीबाईंच्या मते सगळा दोष चष्म्याचा होता. माणसाने पुढे जाताना चष्मा लावावा आणि मागे येताना काढावा. शेवटी कामाचं बोलला तो महादू. महादूकडे लष्कराच्या लिलावातली जुनी जीप होती. तिच्यातून तो लूमवाल्यांना सुताच्या गोण्या पोचवायचा. तो म्हणाला, सरांना जागा मोकळी पाहिजे. अंजूरच्या खाडीकाठी बांधापलीकडे खाजण आहे. झाड नाही, माणूस नाही, बैल नाही. पांढरं सपाट वाळवंट. रविवारी जीप तुमची, सर.

"अडकली तर?" चंद्राने विचारलं.

"वहिनी, पासष्टच्या लढाईत ही गाडी राजस्थानात धावलीय. तिथे नाही अडकली, ती अंजूरला अडकेल?"

चंद्रा मानसशास्त्र घेऊन बी.ए. झाली होती. त्यामुळे भीतीचे किती प्रकार असतात ते तिला नावांसकट पाठ होतं आणि त्यातला एकही प्रकार तिने वाया घालवला नव्हता. मुलगी झाल्यापासून तर तिची नजर घरभर पहारा देत फिरायची. मुलगी तेरा महिन्यांची. नाव संघमित्रा, हाक मारायला मितू. स्टोव्हची पिन, खिडकीचा गज, शेजारच्या घरातला खोकला, सगळ्याची चंद्राकडे नोंद असे. चाळीतल्या बायका तिला दुसऱ्या प्रश्नापर्यंत उत्तर देत आणि तिसऱ्याला स्टोव्हवर दूध उतू जातंय म्हणून निघून जात. हिरामण तिच्यावर जीव टाकायचा, पण तोही तिसऱ्या प्रश्नाला वर्तमानपत्र उघडायचा.

त्याला एकट्याला पाठवणं शक्यच नव्हतं. घरी बसून तिला जे जे दिसलं असतं, त्यापेक्षा समोर बसून पाहणं स्वस्त. म्हणून रविवारी सकाळी ती मितूला घेऊन जीपमध्ये बसली. सोबत पिशवी. पिशवीत उकळून गार केलेल्या पाण्याच्या दोन बाटल्या, ग्राइप वॉटर, आयोडीन, नऊ दुपटी, मितूखाली अंथरायचं रबरी कापड, टॉर्च आणि वर्तमानपत्रातलं भरती-ओहोटीचं कात्रण. कार्तिकातली पौर्णिमा आदल्याच दिवशी झाली होती. कात्रणात भरती बारा पन्नासची होती, म्हणजे अकराला आपण परतीच्या वाटेवर पाहिजे, हे तिने घरून निघतानाच तिघांकडून कबूल करून घेतलं होतं. तिघांत मितूही धरलेली होती.

अंजूरला पोचल्यावर महादूने बांध ओलांडून जीप खाजणात उतरवून दिली आणि गावातल्या आपल्या आत्याकडे तळलेले मासे खायला निघून गेला. मोकळ्या रानात मी बसून काय करू, म्हणाला.

जागा खरंच वाळवंटासारखी होती. पांढुरकी, पापडासारखी तडकलेली जमीन थेट खाडीपर्यंत पसरलेली. मागे मातीचा उंच बांध, आणि बांधाच्या आत उशिरा पिकणारं गरवं भात, पिवळंधमक, दोन दिवसांत विळा लागेल असं. बांधाच्या एका अंगाला सोनं आणि दुसऱ्या अंगाला मीठ. मधे फक्त पाच हात उंचीची माती.

अर्धा तास हिरामण पुढे पुढे गेला. इतकं सुंदर गेला, की चंद्रालाही वाटलं, सरकारने पुढे जाण्याचाच वेगळा परवाना द्यायला काय हरकत आहे? मग त्याने बांबूच्या चार काठ्या रोवल्या आणि रिव्हर्सला सुरुवात केली. चंद्रा मितूला घेऊन उतरली आणि बांधावर जाऊन उभी राहिली, जीपच्या बरोबर मागे. हिरामणची गाडी जिथे कधीच पोचत नाही, ती जागा सगळ्यात सुरक्षित, असा तिचा हिशोब. नशिबाने तिथे मुंग्या निघाल्या, म्हणून ती वीस पावलं बाजूला सरकली.

पाच-सहा वेळा जीप नुसतीच गुरगुरली आणि बंद पडली. अकरा वाजले. अकरा दहा झाले. चंद्राने घड्याळ दाखवलं. शेवटचा एकदा, असं हिरामणने बोटाने सांगितलं आणि क्लच सोडला. ब्रेकवर जायचा पाय कुठे गेला ते त्यालाही पुढे कधी सांगता आलं नाही. जीप मागे निघाली. सरळ, दोरी धरल्यासारखी, चारही काठ्यांच्या मधून, काठ्यांच्या पलीकडे, बांधाच्या उतारावर, थेट माथ्यापर्यंत. तिथे बांधाने भस्सकन श्वास सोडला. मागची चाकं खाली गेली, माथ्याची माती दोन्ही बाजूंनी ढासळली, आणि डबक्यात म्हैस बसावी तशी जीप बांधात बसली. तोंड खाडीकडे, शेपूट भाताकडे.

हिरामण खाली उतरला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. अभिमान होता.

"पाहिलंस? मधून नेली," तो म्हणाला.

मग त्याने चारही चाकं एकदम फिरवणारा दांडा ओढला, आणि तो दांडा पासष्टच्या लढाईची आठवण म्हणून त्याच्या हातात आला. दोन चाकांवर जोर दिला तर ती जागच्या जागी गरगर फिरून आणखी वीतभर खाली गेली. चंद्राचं लक्ष जीपकडे नव्हतं. ती बांध पाहत होती. बैलगाडी जाईल एवढी वाट बांधात पडली होती आणि त्या वाटेत जीप कशीबशी उभी होती. बाजूंनी, खालून, नुसती भुसभुशीत माती. तिने खाडीकडे पाहिलं. ओहोळात पाण्याची एक चकचकीत जीभ आत यायला लागली होती. तिने वळून भाताकडे पाहिलं. शेताच्या कडेला एक म्हातारी गवत कापत होती.

"कोणाला हाक मारू नकोस," हिरामण हळूच म्हणाला. "दहा मिनिटांत काढतो. कोणाला कळायचं पण नाही."

त्याची ती दहा मिनिटं चंद्राला ठाऊक होती. आणि त्याचा मान काय चीज आहे, ताटाभोवतीच्या वाट्या कशाने फिरतात, हेही तिच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं.  मग तिने मितूला कडेवर घट्ट धरलं आणि आयुष्यात कधी ओरडली नसेल एवढ्या मोठ्याने त्या म्हातारीला हाक मारली.

म्हातारीचं नाव बायजाबाई. ती आली, जीपकडे तिने पाहिलंही नाही, भोकाकडे पाहिलं. मग तोंडाभोवती हात धरून गावाच्या दिशेने लांबलचक आरोळी दिली, "खांड गेलीऽऽ रे!"

बांध फुटून पाण्याला वाट होते तिला तिथे खांड म्हणतात, हे चंद्राला पुढच्या दहा मिनिटांत नीट समजलं. कारण घरटी एक याप्रमाणे चाळीस माणसं फावडी, टोपल्या, पेंढ्याचे भारे घेऊन पळत आली. कोणी जेवता जेवता उठलं होतं. हाताला भात तसाच. सगळ्यांच्या पुढे विठू नावाचा म्हातारा, गुडघे वाकडे, पण त्याने बोट दाखवलं तिकडे माणसं वळत होती.

हिरामणने शर्ट नीट केला, घसा साफ केला आणि मी भिवंडीच्या शाळेतला शिक्षक, त्याचं असं झालं की, अशी सुरुवात केली.

"मास्तर, आता न्हाय," विठू म्हणाला. "पानी उतरल्याव."

बायजाबाईने चंद्राला समजावलं. खांड पडली की पाणी उतरेपर्यंत चूक कोणाची ते विचारायचं नाही, अशी गावाची रीत. माणसं भांडत बसली तर भात जाईल. आणि एकदा खारं पाणी शिरलं की यंदाचंच नव्हे, पुढची तीन सालं त्या मातीत भात होत नाही. हे सगळं तिने मायेने सांगितलं. मग फावडं उचलता उचलता म्हणाली, "उतरल्याव मातर इचारनार, बाय. सगल्यांच्या म्होरं."

 चाळीस घरांचं तीन वर्षांचं अन्न तिच्या नवऱ्याच्या रिव्हर्समध्ये अडकलं होतं, आणि त्याचा जाब द्यायची वेळसुद्धा ठरली होती. वेळ खाडी ठरवणार होती.

हिरामणला काहीतरी करून दाखवायचं होतं. तरफ, टेकू, बलाचा आघूर्ण असं काहीबाही सांगत तो जीप कशी बाहेर काढायची ते मातीत आकृती काढून दाखवू लागला. विठूने आकृती शेवटपर्यंत पाहिली. मग तो म्हणाला, गाडी हलवायची नाही. हलली तर खांड मोठी होईल. एवढा मोठा लोखंडी धोंडा कोणी आपणहून आणून बसवलाय, त्याला कशाला काढायचा? त्याच्या भोवतीच भरा.

आणि चाळीस माणसं जीप पुरायला लागली. खाजणातल्या चिखलाचे डोक्याएवढे गोळे कापून हातोहात येत होते. पेंढा, वर खाडीकाठच्या तिवराच्या फांद्या, वर चिखल, त्यावर पाय. हिरामण रांगेत मधोमध उभा होता. एकाकडून गोळा घ्यायचा, दुसऱ्याला द्यायचा. चष्मा चिखलाने भरला तेव्हा त्याने तो काढून खिशात ठेवला, आणि जानकीबाईंचा सल्ला निदान निम्मा पाळला गेला.

साडेबारा वाजले तसा चंद्राने धीर करून विठूला कात्रण दाखवलं. बारा पन्नासला भरती, वीसच मिनिटं उरलीत. विठूला वाचता येत नव्हतं. त्याने कागद उलटसुलट करून परत दिला.

"ह्ये म्हमईचं पानी, बाय. आमच्याकडं पोचाला अजून येक तास घेतंय. वाटंत गावं लय."

त्या एका तासासाठी चंद्राने मनातल्या मनात वाटेतल्या गावांना नावं माहीत नसताना हात जोडले.

याच सुमारास महादू आला. तृप्त, दात कोरत. बांधावर त्याने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि माझी जीप कुठाय, असं विचारलं. लोकांनी चिखलाच्या ढिगातून डोकावणारे दोन दिवे दाखवले.  महादूने शर्ट काढून तिवराच्या एका फांदीला अडकवला आणि रांगेत हिरामणच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

"सर," तो एवढंच म्हणाला, "रिव्हर्स मात्र सरळ आलाय."

दीड वाजता पाणी जीपच्या चाकांना लागलं. जीपच्या पोटाखालून भाताच्या बाजूला बारीक धार लागलेली चंद्रालाच पहिल्यांदा दिसली. कोणी गोळा आणेपर्यंत धार मनगटाएवढी झाली. तिने पिशवी ओतली. नऊच्या नऊ दुपट्यांचा बोळा केला, तो रबरी कापडात गुंडाळला, भोकात कोंबला आणि दोन्ही हातांनी दाबून चिखलात गुडघे टेकून बसली. बायजाबाईने वरून चिखल थापायला घेतला. हात काढू नको, म्हणाली. चंद्रा हात काढणार नव्हती.

तेव्हाच मितू रडली. ती बांधावर रंगूबाई नावाच्या बाईच्या मांडीवर होती. उकळलेल्या पाण्याच्या बाटल्या चंद्रापासून हातभर अंतरावर पडल्या होत्या, पण तिला हात नव्हता. रंगूबाईने आपल्या मडक्यातलं पाणी लोट्यात घेतलं आणि लोटा मितूच्या ओठाला लावला. चंद्राच्या डोळ्यांपुढून सगळे जंतू शिस्तीत एका रांगेने गेले. आणि त्यांच्या मागून तिची आई आली. आईला तिच्या लहानपणी असल्याच कुठल्याशा गावात वरून, लांबून, ओंजळीत पाणी घालत. आई ते शेवटपर्यंत विसरली नव्हती. इथे सकाळपासून कोणी आडनाव विचारलं नव्हतं. रंगूबाईने फक्त मुलीचं नाव विचारलं होतं, ते फार लांब आहे म्हणून 'मितरा' केलं होतं, आणि आता तिच्याच लोट्याला तोंड लावून मितरा गटागटा पीत होती. चंद्राच्या ओठांवर एक सूचना आली होती. तिने ती गिळली. डोळ्यांत पाणी आलं, ते पुसायलाही हात नव्हता.

पाणी चढत चढत जीपच्या दिव्यांपर्यंत आलं आणि तिथे थांबल्यासारखं झालं.  विठूने पाण्याच्या रेघेवर गवताची एक काडी खोचली होती आणि तो तिच्याकडे टक लावून बसला होता. खूप वेळाने काडीखाली बोटभर ओली माती दिसली. कोणी ओरडलं नाही, टाळ्या वाजवल्या नाहीत. कोणीतरी विडी पेटवली, एवढंच.

बायजाबाईने चंद्राचे हात चिखलातून उपटून काढले. बोटं मिटत नव्हती. पलीकडे भात होतं तसं उभं होतं, पिवळं, कोरडं.

मग माणसं बांधावर ओळीने बसली. विठू मधोमध. म्हणाला, "हां. आता इचारू. चूक कोनाची?"

चंद्रा उठणार होती. मोकळी जागा हवी हा हट्ट माझाच होता, हे खोटं वाक्य तिने भरतीभर तयार करून ठेवलं होतं. पण हिरामण आधीच उभा राहिला. चिखलाने माखलेला, चष्म्याशिवाय, वर्गात कधी दिसला नव्हता तितका सरळ.

"चूक माझी आहे," तो म्हणाला. "मला रिव्हर्स येत नाही. आणि बांध फुटल्यावर ते लपवायची बुद्धी मला झाली. हाक मारली ती हिने."

चंद्राने त्याच्याकडे पाहिलं. लपवायचं म्हणाला होता ते कोणाला ठाऊकही नव्हतं.

विठूने त्याला बसायला सांगितलं. स्वतः उठला, वाकड्या गुडघ्यांनी खांडीत उतरला आणि जीपच्या बाजूच्या उभ्या मातीत हात घातला. हात खांद्यापर्यंत आत गेला. दुसऱ्या जागी घातला, तिथेही गेला. खेकड्यांनी बांध आतून चाळणीसारखा पोखरला होता.

"ह्यो तुकडा कोनाच्या घराकडं हाय?" त्याने विचारलं.

प्रत्येक घराकडे बांधाचा आपापला तुकडा असतो. पुनवेला आणि अवसेला फिरून बिळं बघायची, बुजवायची.  सगळे आपापल्या पायांच्या बोटांकडे पाहू लागले.

"माजा हाय," विठूच म्हणाला. "गुडघं दुखतात म्हून दोन म्हैने मी इकडं फिरकलो न्हाय. मास्तरची गाडी नुसती टेकली. चूक माजी."

आणि तो पुढे सांगत राहिला, जणू दुसऱ्या कोणाबद्दल सांगावं तसं. थंडीच्या दिवसांत रात्रीचं पाणी दिवसाच्या पाण्यापेक्षा मोठं असतं. आज जे आलं ते लहान. मोठं आज रात्री यायचंय. बांध आज रात्री जाणारच होता. गाव झोपेत असतं आणि सकाळी उठून पाहिलं असतं तर खाडी घरात आलेली दिसली असती.

हिरामणची अवस्था चमत्कारिक झाली. एवढ्या तयारीने, चाळीस माणसांपुढे, धाडस करून कबूल केलेली चूकसुद्धा त्याच्याकडे राहिली नव्हती. त्याने एकदा बोलायचा प्रयत्न केला, की थोडी तरी माझी असेल. पण त्याचं कोणी ऐकलं नाही. काही माणसं बैल आणायला निघाली होती. आता जीप काढून संध्याकाळच्या आत पक्की माती भरायची होती.

"पर तुजं गुडघं तर तसंच हायती," बायजाबाई विठूला म्हणाली. "ह्या तुकड्यावं आता कोन फिरनार?"

विठूने ओळीवरून नजर फिरवली. ती चंद्रावर येऊन थांबली.

"धार पैली कोनी बगितली?"

"हिनं."

"मंग हिलाच द्या. गाडी त्यांची बसलेली, तुकडा त्यांचाच. पंधरा हात. म्हैन्यातनं दोन डाव यायाचं, बाय. येशील?"

हिरामण म्हणू लागला, की हिला लहान मूल आहे, शिवाय हिचा स्वभाव जरा काळजीचा. विठूने हात वर करून त्याला थांबवलं. काळजीचाच माणूस पाहिजे, म्हणाला. बिनघोर माणसं गावात पुष्कळ आहेत.

चंद्राने हिरामणच्या खिशातून पेन्सिल काढली. कात्रणाच्या कोऱ्या कडेवर लिहायला घेतलं. केवढं बीळ म्हणजे धोक्याचं, तिने विचारलं. अंगठा जाईल एवढं, विठूने सांगितलं. ओलं बीळ वाईट की कोरडं? ओलं. बुजवायचं खाडीच्या अंगाने की भाताच्या? दोन्हीकडून, पण आधी खाडीच्या. तिसरा प्रश्न झाल्यावर ती सवयीने थांबली आणि वर पाहिलं. कोणी उठलं नव्हतं. कोणाचं दूध उतू जात नव्हतं. चिखलाने भरलेली माणसं विड्या ओढत, तिच्या चौथ्या प्रश्नाची वाट पाहत बसली होती.

मागे बैलांना जोर देत महादू ओरडत होता, दोरखंड करकरत होता, जीप इंचाइंचाने पुढे येत होती. चंद्राने वळून पाहिलं नाही. ती विचारत गेली, सोळा प्रश्न विचारले तिने, आणि सोळांची उत्तरं मिळाली. आयुष्यभर जी काळजी ती घरात, चाळीत, रस्त्यावर जागा मिळेल तिथे सांडत आली होती, तिला पंधरा हात मालकीची जागा मिळाली होती.